दारापासून दारापर्यंत तीस तास

कात्रजच्या दत्तोबांचा धंदा प्रेत ठेवायच्या शीतपेट्या भाड्याने देण्याचा. पुण्यात गिऱ्हाइकांना तोटा नाही; निम्म्या शहराची मुलं परदेशात. फोन आला की दत्तोबांचा पहिला प्रश्न, "पोरगा कुठनं यायचाय?" गाव कळलं की पोरगा दारात यायला किती तास, ते कागद न घेता सांगायचे. विमानकंपनी नुसते उडण्याचे तास सांगते. दत्तोबा तिकडच्या घरापासून धरायचे: विमानतळ, मधे विमान बदलणं, मुंबईत सामानाची वाट बघणं, मग घाट. वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी राहतो. अंदाज तासाभरापेक्षा जास्त चुकलेला आठवत नाही, आणि त्याची त्यांना घमेंडही होती.

"येडी हायेत लोकं, गुरुजी," मला म्हणायचे. "माणूस जित्तं हाय तवर पोरांना बोलवत न्हाईत. मेल्यावर माझी पेटी बोलावत्यात."

त्यांची एकुलती एक कल्याणी टोरांटोत. साडेबारा हजार किलोमीटर, तीस तास. हा आकडा त्यांनी तिच्या लग्नातच काढून ठेवला होता.

गेल्या मार्चमध्ये त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, दवाखान्याने घरी पाठवलं. सोमवारी सकाळी आठला डॉक्टर बघून गेले. संध्याकाळ निघेल असं वाटत नाही, म्हणाले. तेवढ्यात कल्याणीचा फोन आला.

"आबा, बॅग भरलीय. निघू?"

दत्तोबांनी घड्याळाकडे पाहिलं. "नको. तू पोचस्तवर न्हाई राह्यची ती. मधल्या विमानतळावर बातमी कळंल, तिथं तुला धरायला कोण हाय? मी कळवतो. पेटी हायेच आपली."

मी तिथेच उभा होतो. तासांचं यांना कळतं, म्हणून गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

आत मुक्ताबाईंनी विचारलं, "निघाली का?"

"निघाली. उद्या दोनला दारात."

संध्याकाळ झाली. मुक्ताबाई होत्या. मी दत्तोबांना अंगणात गाठून म्हटलं, "आता तरी बोलवा हो तिला."

"आता तर आणखीच उशीर झाला, गुरुजी. तीस तास कुठनं आणू?"

मध्यरात्री आत जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, विमान दुबईला आलंय. मंगळवारी सकाळी सांगितलं, मुंबईत उतरली. दीड वाजता मुक्ताबाईंनी केस विंचरून घेतले आणि उशी दाराकडे वळवायला लावली. दोन वाजले. तीनला दत्तोबा म्हणाले, घाटात गर्दी हाय. साडेचारला त्या गेल्या, तोंड दाराकडेच होतं. दत्तोबांनी फोन केला तो त्यानंतर.

कल्याणी बुधवारी रात्री साडेदहाला पोचली. पुढच्या खोलीत पेटी घरघरत होती. तिने काचेवर हात ठेवला. मग तिने विचारलं, "नक्की किती वाजता गेली?"

"मंगळवारी. साडेचारला."

तिने बोटांवर मोजलं, लहानपणी बापाने शिकवलं होतं तसं. सोमवारी आठपासून. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"आबा, अडीच तास मिळाले असते."

दत्तोबांनी मान डोलावली. त्यांनी ते मंगळवारीच मोजलं होतं.