काखेतली बॅटरी

आमच्या वहिनीला कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, तर ती वर्षानुवर्षं "घरचा फोटो स्टुडिओ आहे" एवढंच सांगायची. त्यात तिचं काय, हे सांगायची नाही. पडदे धुणं, रडक्या पोरांना हसवणं, नवरदेवाच्या गालावरचा मुरूम कॉम्प्युटरवर पुसणं, फोटोला उशीर झाला की गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, हे सगळं तिच्याकडे. बटण तेवढं दादा दाबायचा. नाव अर्थातच बटण दाबणाऱ्याचं. मी तिचा धाकटा दीर. मला याचा राग यायचा, पण नवराबायकोच्या मध्ये पडायची माझी छाती नव्हती.

दादा वाईट नाही, हट्टी आहे. मधुमेहाने त्याचा एक डोळा पार नेला आणि दुसऱ्याने धूसर दिसायला लागलं. एका लग्नात नवरी सोडून मागच्या खांबाचेच फोटो लखलखीत आले, तेव्हा त्याने दुकान कॅमेऱ्यासकट विकायला काढलं. घेणाराही मिळाला.

"मी काढते की फोटो," वहिनी म्हणाली.

"घरातले काढणं वेगळं," दादा म्हणाला. विषय संपला.

मी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कारखाना नव्या जागेत जाणार होता. जुन्या अंगणात सगळ्यांचा मिळून एक फोटो हवा, असं मालकांच्या मनात आलं. आता रात्रपाळी आणि दिवसपाळी समोरासमोर येतात ती फक्त सकाळच्या भोंग्याला. एक पाळी जांभया देत बाहेर पडते, दुसरी जांभया देत आत शिरते. फोटो काढायचा तो तेवढ्यातच. मी आमच्या स्टुडिओचं नाव सुचवलं आणि घरी येऊन सांगितलं.

दादा वहिनीला म्हणाला, "हे काम तू कर. जमलं तर कॅमेरा तुझा. नाही जमलं, तर मी त्या माणसाला होकार कळवतो."

वहिनीने "बरं" म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. पण त्या दिवशी कपबश्या जरा जास्तच आपटल्या.

दादाची एक शिस्त आहे. कामाचं सामान आदल्या दिवशीच स्कूटरच्या डिकीत गेलं पाहिजे, म्हणजे सकाळी काही विसरत नाही. त्याने सगळ्या बॅटऱ्या काठोकाठ चार्ज केल्या, पिशवीत भरल्या आणि डिकीत ठेवून कुलूप लावलं. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी स्कूटरच्या सीटवर पांढरं दव गोठलेलं होतं, बोटाने खरवडावं लागलं.

अंगणात दोन्ही पाळ्या उभ्या राहिल्या. रात्रपाळीवाले भट्टीच्या उबेतून थेट बाहेर आलेले, त्यांचे दात वाजत होते. वहिनी ऑफिसच्या बाहेरच्या जिन्यावर चढली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि दोन फोटो निघतात न निघतात तोच बॅटरीची खूण लाल झाली. कॅमेरा बंद. दुसरी बॅटरी घातली, तीही तशीच. तिसरीने तर डोळासुद्धा उघडला नाही.

"असं कसं होईल? मी स्वतः चार्ज केल्यात." दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतकं, की मला त्याची कीव आली.

वहिनी बॅटरी गालाला लावून बघत होती. "रिकाम्या नाहीत हो," ती म्हणाली. "गारठल्यात. माझा फोन नाही का, सकाळी दूध आणायला गेले की बंद पडतो आणि घरी येऊन ऊब मिळाली की आपोआप जागा होतो?"

भट्टीवाला पुढे सरसावला. आमच्यात त्याला सगळे बंब म्हणतात. "द्या इकडे, भट्टीवर ठेवतो. मिनिटात गरम."

"फुटेल ती, बिस्किट नाही भाजायचं," वहिनी म्हणाली. "अंगाची ऊब पुरे." आणि तिने स्वेटरच्या आत हात घालून एकेक बॅटरी एकेका काखेत दाबली. तिसरी माझ्याकडे आली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बंब म्हणाला आणि अख्खं अंगण हसलं.

खरी परीक्षा पुढेच होती. बॅटऱ्या जाग्या होईपर्यंत इतकी झोपाळलेली माणसं थोपवायची कशी? दोघं-तिघं फाटकाकडे सरकलेही होते. वहिनीने कोपर अंगाशी घट्ट धरून जिन्यावरूनच हुकूम सोडायला सुरुवात केली. उंच माणसं मागे. रात्रपाळी आणि दिवसपाळी वेगवेगळी नको, एकाआड एक उभे राहा. मफलर तोंडावरून खाली. "अहो काका, घरी जाऊन झोपायचंच आहे, पण या फोटोत झोपलेले दिसलात तर नव्या कारखान्यातही भिंतीवर तसेच लटकाल." काका मुकाट्याने परत फिरले. त्या रांगा लावण्यात पाळ्यांची सरमिसळ झाली, आणि कधी एकमेकांशी धड बोलले नव्हते ते लोक एकमेकांची टोपी सरळ करायला लागले.

मग तिने काखेतली बॅटरी काढून कॅमेऱ्यात घातली. कॅमेरा चालू झाला. ती भराभर फोटो घेत सुटली. बॅटरी मलूल झाली की काखेत, काखेतली कॅमेऱ्यात. दादा खाली उभा राहून नुसता खटखट आवाज ऐकत होता.

"चला ऑफिसात, आत गरम आहे, तिथे फोटो बघू," मॅनेजर म्हणाले.

"गार कॅमेरा उबेत नेला की काचेवर पाणी धरेल, कॅमेऱ्याच्या आतसुद्धा," वहिनी म्हणाली. तिने थंडीतच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, हवा दाबून काढली, गाठ मारली. "घरी गेल्यावर पिशवी आधी नीट उबदार होऊ देणार. मगच उघडणार."

मॅनेजरांचं तोंड पडलं. दादाचंही.

घरी पिशवी टेबलावर ठेवली. तिच्यावर बाहेरून पाण्याचे थेंब जमले, ते सुकेपर्यंत आम्ही तिघं चहा पीत तिच्याकडे बघत बसलो. शेवटी वहिनीने गाठ सोडली आणि फोटो कॉम्प्युटरवर घेतले.

दादाने खुर्ची ओढली, नाक पडद्याला टेकवलं आणि वहिनीला एकेक चेहरा मोठा करायला लावला. पहिली रांग, दुसरी, शेवटची. बंबाच्या भुवईवरचं पीठसुद्धा दिसत होतं. दादा एवढंच म्हणाला, "परत पहिल्यापासून दाखव."

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. दादाने उचलला. कारखान्यातून मॅनेजर होते, नव्या इमारतीचे फोटोही काढायचेत म्हणत होते. मोठ्याने बोलायची सवय त्यांना, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. "फोटोग्राफर बोलताय ना?"

दादाने वहिनीच्या दिशेने मान वळवली.

"नाही, मी त्यांचा नवरा," तो म्हणाला. "थांबा हं, त्यांना देतो."