सूर्याकडे पाठ करणाऱ्या काकू

आमच्या रहाटणीच्या बिल्डिंगमधल्या काकू डावा डोळा मिटून माणसांशी बोलत. नवख्याला वाटे, डोळा मारताहेत. नवा वॉचमन तर कित्येक दिवस त्यांना बघून जिना बदलत असे. गेल्या वर्षी त्या लेकीकडे दिघीला राहायला गेल्या आणि आमचा जिना फारच सभ्य झाला.

शाळकरी वयात, बीडकडच्या त्यांच्या गावी, त्यांनी काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण पाहिलं होतं. दुखलं काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्याला फळ्यावरची अक्षरं मधोमध पुसलेली दिसली, ती कायमचीच. "या डोळ्यानं बघितलं की तुझं नाक गायब होतं," त्या मला म्हणत, "बरी दिसतेस तशी."

ग्रहण पाळायच्या मात्र मुळीच नाहीत. ऐन ग्रहणात भजी तळत. "पोटाला काही होत नाही गं, डोळ्याला जपा!"

एकदा दिवाळीत संध्याकाळचं ग्रहण आलं. आम्ही सगळे गच्चीवर जमलो. चाकणला कंपनीत असलेले शेजारचे भाऊ गॅस कटिंगचा काळा चष्मा लावूनच आले.

"वर काय बघायलात? काढा तो!" काकू कडाडल्या.

"काकू, सूर्य मावळायला आलाय. आणि मी रोज ठिणग्या बघतो, राव!"

"ठिणगी अन् सूर्य एकच हाय का? उद्या बायकोचं तोंड दिसायचं नाही."

"आता तरी कुठं बघतात!" वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी चष्मा काढून खिशात टाकला. काकूंनी सगळ्यांना सूर्याकडे पाठ करायला लावली आणि पिठाची चाळणी उंच धरली. समोर टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर कुरतडलेले इवले इवले सूर्य उमटले. पोरं ओरडायला लागली.

मी ग्रहणासाठीचा खास चष्मा मागवला होता. काकूंनी तो उलटसुलट करून ओरखडे तपासले, त्यातून गच्चीचा दिवा दिसत नाही याची खात्री केली आणि मला परत दिला.

"आता तुम्ही बघा ना," मी म्हटलं.

त्या एकदम मागे सरल्या. लहानपणीच्या त्या काजळीच्या काचेनंतर त्यांनी एकाही ग्रहणाकडे मान वर केली नव्हती. मग हात पुढे आला. आधी चष्मा लावला, मगच वळल्या. पुन्हा पाठ फिरवली, तेव्हाच काढला. उजवा डोळा ओला होता.

"लई सुंदर दिसतंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी उगाच इतकी वर्षं त्या पोरीला मूर्ख म्हणत आले."

"कुठल्या पोरीला, काकू?"

"गावाकडं काजळीची काच घेऊन उभी होती, तिला. कुणीबी बघितलंच असतं."