शेजारची सीट

वारज्यातले माझे मेकॅनिक बोलताना सतत हात पुसतात आणि दर वाक्याला ‘बरं मग?’ जोडतात. माझ्या दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारचं सस्पेन्शन मला रेसिंग ट्रॅकसाठी कडक करून हवं होतं. पण पाठीच्या ऑपरेशनपासून बायको त्या गाडीत बसायला घाबरायची, हेही मी त्यांना सांगितलं.

“मला तर काही धक्के जाणवत नाहीत,” मी म्हणालो.

त्यांनी किल्ली मागितली. “आज तुम्ही शेजारी बसा. बरं मग?”

सर्व्हिस रोडवरून त्यांनी गाडी अगदी माझ्यासारखीच नेली. तिसऱ्या खड्ड्याला मी दाराचं हँडल घट्ट धरलं.

“अहो, चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. शेजारच्याला नुसता धक्का बसतो. बरं मग?”



मग त्यांनी घट्ट-सैल करता येणारे शॉक ॲब्सॉर्बर बसवले. ट्रॅकवर घट्ट, एरवी सैल. किती सैल, हे ठरवायला ते स्वतः डोळे मिटून शेजारी बसले आणि मला नारायण पेठेपर्यंत तीन फेऱ्या मारायला लावल्या.

काल बायको माझ्यासोबत गाडीतून फिरून आली. उतरताना तिने विचारलं, “ट्रॅकवर शेजारी बसू देतात का रे?”