दारात आलेलं पाणी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी बायकोवर एक उपकार केला आणि तो निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या ऑफिसला जुनी माणसं हवी होती, म्हणून नांदेडहून माझी तिकडे बदली झाली. शहरात खोली मिळणं मुश्कील, त्यामुळे आम्ही चौघं कारकून एकाच खोलीत राहायचो. बायको मुखेडला, माझ्या वडिलांजवळ. वडिलांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि सुनेनं सासऱ्यावर ओरडायचं कसं? घरात दिवसभर खाणाखुणांवर कारभार चाले. शनिवारी ऑफिस सुटलं की मी एसटी पकडायचो, अहमदपूरला गाडी बदलायचो आणि दिवेलागणीला घरी पोचायचो.

दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. विहिरी आटल्या आणि सगळी गल्ली बुद्धविहाराजवळच्या एकुलत्या एक हापश्यावर आली. मला जेवायला वाढता वाढता बायको सांगायची, "आज तीन घंटे बसले बघा नंबर लावून. हाताला घट्टे पडलेत."

मी जात्याच बंदोबस्त करणारा माणूस. अर्ज आला की निकाली काढायचा, ही ऑफिसातली खोड घरीही सुटत नव्हती. तिनं डोकं दुखतं म्हटलं की गोळी. करमत नाही म्हटलं तेव्हा रेडिओ आणला होता. घट्ट्यांचं ऐकल्यावर मी दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा ठरवला. तो मळ्यातून सायकलला घागरी बांधून पाणी आणायचा. रोज सकाळी चार घागरी आमच्या दारात.

"उद्यापासून हापश्यावर जायचं नाही," मी ऐटीत सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

मला शाबासकी हवी होती. ती मिळाली नाही. पुढच्या शनिवारी ती गप्प होती, त्याच्या पुढच्या शनिवारी जास्तच. जेवण वाढायची, उष्टी काढायची, भिंतीकडे तोंड करून निजायची. काय झालं विचारलं की "काही न्हाई." महिनाभर मी हे सोसलं. मग एका शनिवारी माझं डोकं फिरलं. "पाणी दारात आणून दिलं, आता आणखी काय पाहिजे तुला?" मी खेकसलो. वडील आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

ती शांतपणे म्हणाली, "मी सोमवारी तुमच्यासंगंच निघते. अहमदपूरला उतरते, आईकडं."

"किती दिवस?"

"बघू."

भांडून गेलेली बायको परत येते. अशी न भांडता गेलेली येईल का, हे मला सांगता येईना.

रविवारी सकाळी म्हातारा आलाच नाही. त्याची सायकल मोडली होती. बायको चटकन उठली, घागर कमरेवर घेतली आणि दाराकडे निघाली. महिनाभरात पहिल्यांदा तिच्या चालण्यात जीव दिसला. पण मी कसला शहाणा! "तू बस, मी जातो," म्हणून घागर ओढून घेतली.

हापश्यावर घागरी नंबरानं उभ्या होत्या आणि बाया लिंबाखाली बसल्या होत्या. मला बघून पदर सावरले गेले. एक म्हातारी मात्र धीट. "तिचे लातूरवाले मालक ना तुमी? खानावळीच्या करपल्या चपात्या खाऊन पोट बिघडलंय म्हनं?"

मी चाट पडलो. माझं पोट, खोलीतले ढेकूण, साहेबानं मला सगळ्यांसमोर झापलं ते, सगळं यांना ठाऊक होतं.

"पोरीला का बंद केलं इकडं यायचं?" म्हातारीनं विचारलं.

"बंद नाही केलं, मावशी. तिचा त्रास वाचवला."

"तरास व्हता, हाव. पर बोलायला मानसं बी हितंच व्हती की. सोमवारी तुमची गाडी गेली की हितं यून रडायची. आमी रडू देत व्हतो. मंग आपसूक हसायची अन् पानी घिऊन जायची. घरी कुटं रडंल? तिला रडताना बघून सासरा घाबरतोय."

मला लाज वाटली आणि खोटं कशाला सांगू, रागही आला. या बायांसमोर रडते, मग माझ्यासमोर का नाही? घागर भरेपर्यंत मी तोच विचार करत दांडा मारत होतो. उत्तर सोपं होतं. माझ्यासमोर रडली असती तर मी रुमाल आणून दिला असता आणि प्रकरण निकाली काढलं असतं.

घरी आलो तर ती पिशवीत लुगडी भरत होती. 'उद्यापासून जा हापश्यावर' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. म्हणजे पुन्हा बंदोबस्तच! ते मी गिळलं आणि तिच्याशेजारी खाली बसलो. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेच तोंडातून निघालं.

"लातूरला मी अधूनमधून संध्याकाळी स्टँडवर जातो. अहमदपूरची गाडी लागते ना, ती सुटेपर्यंत बघत उभा राहतो."

तिचा हात थांबला. "कशाला?"

"करमत नाही म्हणून."

"चढत न्हाईत?"

"एकदा चढलो होतो. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर मला रडूच आलं. उतरलो खाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले, मग वाहायला लागले. मी उठलो नाही, काही आणलं नाही. बसून राहिलो. ते मला फार अवघड गेलं.

"मला वाटलं, तुमचं तिकडं झ्याक चाललंय," ती शेवटी म्हणाली. "करमत न्हाई ते मला एकटीलाच."

तरी ती सोमवारी गेलीच. मी अडवलं नाही. तिला आई हवी होती आणि तेवढं मला एव्हाना कळत होतं. वडिलांच्या भाकरीचं शेजारणीनं पाहिलं. अहमदपूरला उतरताना ती म्हणाली, "शनिवारी न्यायला या. निरोप धाडू नका, कुनाला पाठवू नका. तुमी या."

शनिवारी माझी गाडी स्टँडात शिरली तेव्हा ती पिशवी घेऊन उभी होती. उन्हानं तोंड लाल झालेलं.

"कधीपासून उभी आहेस?" मी विचारलं.

"बुधवारपासून," ती म्हणाली.