टायपिस्टबाईंनी होऊ दिलं

टायपिस्टबाई अकरा वर्षं चर्चच्या कचेरीत पाळकांचा ग्रंथ टाइप करत होत्या. देव सर्वसमर्थ आहे, वाईट तो करत नाही, फक्त होऊ देतो, हे पटवायला पाळकांना सहाशे पानं लागली. मध्येच बाईंची मुलगी तापाने गेली. सांत्वन म्हणून पाळकांनी त्यांना चौथं प्रकरण वाचायला दिलं. ते बाईंनीच टाइप केलं होतं.

एका सकाळी वरच्या टाकीचं पाणी छतातून थेट ग्रंथाच्या टाइप केलेल्या गठ्ठ्यावर ठिबकू लागलं. पाळक आले तोवर लगदा झाला होता.

"तुमच्या डोळ्यांदेखत?" ते ओरडले.

"मी काही केलं नाही, साहेब. फक्त होऊ दिलं," बाई चहा पीत म्हणाल्या.

पाळक समोरच्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "मुलीचं नाव काय होतं हो?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि सांगितलं.