बाबांचा शालीतला फोटो

ठाणे जिल्ह्यातल्या राहनाळला एका गोदामाच्या वर, पत्र्याच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. खाली हमाल खोके फिरवायचे आणि वर आम्ही माणसं फिरवायचो. बातम्यांच्या साइटवर बातमीसारखीच दिसणारी जाहिरात टाकायची, क्रिप्टोच्या कुठल्यातरी नव्या कॉइनची. कुणी तिच्यावर बोट ठेवलं की त्याला पुढे कुठे न्यायचं, हे मी ठरवायचो.

सरळ कॉइनच्या फॉर्मवर नेलं तर लोक बिचकायचे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेलं तर नुसते गुड मॉर्निंगवाले जमायचे. शेवटी मी मध्ये एक पान घातलं. निवृत्त गुरुजींनी कॉइन घेतलं आणि त्यांचं म्हातारपण सुखाचं झालं, अशी गोष्ट. सगळी थाप! नेटवर मिळायचे ते गोऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, त्यांच्यावर कोण कशाला विश्वास ठेवेल? म्हणून मी बाबांचा लावला. पडघ्याच्या शाळेतला त्यांचा निरोप समारंभ, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. आपल्याकडे शाल-श्रीफळवाल्या माणसावर कुणी संशय घेत नाही. जाहिरात फक्त विदर्भात चालू होती. तिकडे बाबांना कोण ओळखतंय!

पान धो धो चाललं. मग आमचा शेठ म्हणाला, "अरे, अपने साइड में चला ना. जमीन बेचके बैठे हैं लोग." तेव्हाच फोटो बदलायला हवा होता. पण बाबांचा फोटो काढला की क्लिक घटायचे, हे मी करून पाहिलं होतं. आपली माणसं कुठे एवढं वाचतात, असं स्वतःलाच सांगून मी ठाणे जिल्हा चालू केला. खोटं कशाला बोलू, मला शेठची शाबासकी हवी होती.

काही महिन्यांत कॉइन बुडालं. एका रविवारी सकाळी बाबांचा जुना विद्यार्थी घरी आला. डोकं अर्धं पिकलेलं, तरी बाबांच्या पाया पडला आणि खाली जमिनीवरच बसला.

"गुरुजी, तुमी घेतला म्हनून मी पन घेतला. जमिनीचा सगला पैसा व्हता. आता ते खातंच उघडत न्हाय. तुमचा तरी निघाला का?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला बाबांचीच काळजी!

त्याने ते पान मोबाइलवर जपून ठेवलं होतं. बाबांनी चष्मा लावून पाहिलं. तो फोटो घरातल्या अल्बमशिवाय कुठेच नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझंही गेलं," बाबा म्हणाले. "चूक माझीच. मी तसं सांगायला नको होतं."

तो गेल्यावर मी कसाबसा म्हणालो, "बाबा, तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"त्याने विश्वास ठेवला तो माझ्यावर," ते म्हणाले. "आणि तुला वाढवलं तेही मीच."

त्यानंतर असे आणखी चारजण येऊन गेले. बाबा आता बाजारात जात नाहीत, पिशवी घेऊन मीच जातो. भाजीवालीपासून सगळे मला अडवून विचारतात, "गुरुजींनी असं कसं केलं रे?" मी मान खाली घालून मेथी निवडत राहतो. खरं काय ते अजून एकालाही सांगितलेलं नाही.