दारात उभा राहिलेला पक्ष

युरोपातलं पक्षांचं राजकारण मी वर्ध्याच्या एका कॉलेजात वीसेक वर्षं शिकवतेय, आणि चांगलं शिकवते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. राज्यक्रांतीच्या वेळी फ्रान्सच्या सभेत बदल मागणारे अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसले, राजाचे पाठीराखे उजव्या हाताला, आणि तिथून डावे-उजवे सुरू झाले. एवढं सांगून मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी दरवर्षी वर्गाचीच सभा भरवते. एरवी कुणी न सांगता मुली एका बाजूला आणि मुलं दुसऱ्या बाजूला बसतात. त्या दिवशी मात्र मताप्रमाणे बसायचं. शेजारी मुलगा आला की मुली मध्ये बॅग ठेवतात, पण वाद झकास रंगतो.

माझा दुसरा लौकिक हजेरीचा. तास साडेसातचा आणि हजेरी पाच मिनिटांत आटोपलेली. नंतर येणाऱ्यानं खुशाल ऐकावं, पण हजेरी मागू नये. शिस्त नसेल तर कॉलेजात आणि बसस्टँडवर फरक काय, असं मी स्टाफरूममध्ये सर्वांना सुनावत असे.

दोन वर्षांपूर्वी युरोपातले प्रस्थापितविरोधी पक्ष शिकवत होते. फळ्यावर आडवी रेघ ओढली. स्पेनमधला, चौकातल्या आंदोलनातून निघालेला पक्ष डावीकडे लिहिला, फ्रान्समधला स्थलांतरितांच्या विरोधातला उजवीकडे. ‘आम्ही डावेही नाही, उजवेही नाही’ म्हणणारा इटलीतला एक मात्र कुठेच बसेना. लिहिला, पुसला, सरकवला, पुन्हा पुसला. शेवटी त्याला पुढच्या तासावर ढकलून मी सभा भरवली. विषय दिला: गावोगावी सरकारनं बस चालवावी, की खासगी गाड्यांना मोकळीक द्यावी?

दोन्हीकडून पहिल्या बाकावरचेच बोलत होते. मास्तरांची, बाबूंची मुलं, शहरात राहणारी, स्कूटीवर येणारी. तेवढ्यात दार ढकलून केळझरची ती मुलगी आली. शेतकऱ्याच्या घरची, शेवटच्या वर्षाला, रोज उशिरा येणारी.

"डावीकडे बसतेस की उजवीकडे? लवकर ठरव," मी म्हणाले.

तिनं आधी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. दारातून हलली नाही.

"कोनत्याच नाई, मॅडम. हे दोघंबी बससाठी भांडून राह्यले, आन बसमदी याइच्यातलं कोनीच बसत नाई. मी त्याच बसनं येते. ते स्टँडवर लागते तवा तुमची हजेरी होऊन जाते. हे जिंकले काय आन ते जिंकले काय, मले दार बंदच."

वर्ग खो खो हसला आणि माझं डोकं फिरलं. "आगाऊपणा बाहेर जाऊन कर," म्हटलं. ती गेली.

स्टाफरूममध्ये टेबलावर माझ्या सहीसाठी यादी पडली होती: हजेरी कमी, म्हणून परीक्षेला बसता येणार नाही अशांची. तिचं नाव त्यात होतं. घरून आणखी एक वर्ष मिळणार नाही, हे तिनं मला दिवाळीआधीच सांगितलं होतं. तेव्हा मी तिला लवकर उठायला सांगितलं होतं.

पेन उघडलं आणि मला इटलीचा पक्ष आठवला. तिथल्या डाव्यांनी आणि उजव्यांनी आलटूनपालटून राज्य केलं, पण हजेरी दोघांचीही पाच मिनिटांतच आटोपत होती; दाराबाहेर राहिलेल्यांनी हा पक्ष काढला. माझी रेघ आडवी होती. हवी होती ती उभी, पहिल्या बाकापासून दारापर्यंत. वीस वर्षं शिकवूनही हे मला दिसलं नाही, याची खरंच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. केळझरकडून येणारी पहिली बस सात चाळीसला लागली. मी प्राचार्यांकडे जाऊन, चूक माझ्या हजेरीची आहे असं लिहून दिलं आणि तिचं नाव खोडलं. वर्गात हजेरीपट तिच्याच हातात दिला. "आजपासून हजेरी तासाच्या शेवटी. तूच घ्यायची."

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं, उभ्या रेघेवर इटलीचा पक्षही शिकवून झाला. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी, सावंगीच्या दवाखान्यात नुकतीच कामाला लागलेली, तास संपायच्या दहा मिनिटं आधी उठली. "मले आता निघा लागते. माझी हजेरी लावून घेजो."

केळझरवाली मान वर न करता म्हणाली, "हजेरी शेवटीच होते. नियम सर्वाइले सारखा."

आवाज तिचा होता, बोलणं अगदी माझं. सावंगीवाली बॅग घेऊन दारात थांबली. मी दाराकडे पाहिलं. मग केळझरवालीनंही तिकडे पाहिलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ते इटलीवाले निवडून आल्यावर काय करतेत जी?"

"बहुतेक वेळा हजेरी घेतात," मी म्हणाले.

तिनं पेन उचललं आणि दारातल्या मुलीच्या नावापुढे 'हजर' लिहिलं. त्या वर्षी परीक्षेला दोघीही बसल्या.